आधी फळीवर, मग फोनवर

तुमचा अहवाल काल वाचून संपवला. बांधणी सुबक, आलेख रंगीत, मुखपृष्ठावर जेटीवरचा सूर्यास्त. आत तक्ता उघडला तर पहिलीच ओळ: बांगडा, लांबी १७.४३ सेंटिमीटर. त्याखाली १८.०६. त्याखाली १६.९१. मी पेन खाली ठेवलं.

ओला, बुळबुळीत, शेपटीची टोकं झिजलेला बांगडा, आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत? प्रयोगशाळेत फळीवर मासा सरळ करून, तोंड मिटून, दोघांनी मोजला तरी एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडतो. हे तुम्ही पहिल्या वर्षाला स्वतः पाहिलंय. मग हा दहावा भाग आला कुठून? तुमच्यातल्या एकाला बोलावून विचारलं, कॅमेरा माशापासून किती उंचीवर होता? उत्तर आलं, ‘मॅडम, ते ॲप आपोआप घेतं.’ स्केल कुठे ठेवली होती? ‘कधी शेजारी, कधी क्रेटच्या कडेवर.’ आणि ही कुठली लांबी, टोटल की फोर्क? यावर साहेब गप्प.

गप्प बसलात ते एका परीनं बरं झालं, निदान खोटं तरी बोलला नाहीत. पण ‘आपोआप घेतं’ हे उत्तर या वर्गात मी पुन्हा ऐकून घेणार नाही. कोण घेतं? कशावरून घेतं? चुकलं तर किती चुकतं? ही तीन उत्तरं ज्याच्यापाशी नाहीत, त्यानं मासा मोजलेला नाही. त्यानं माशाचा फोटो काढलाय, एवढंच.

मागच्या बाकावर आत्ताच कुजबुज ऐकली, ‘मॅडमना मोबाइल आवडत नाही.’ मोबाइल मला आवडतो की नाही हा विषय नाही. माझ्याही पर्समध्ये आहे. मला आवडत नाही ती तुमची बेफिकिरी, आणि ती तुम्ही मोबाइलच्या आड लपवताय.

आता मूळ गोष्ट. कॅमेऱ्याला सेंटिमीटर कळत नाहीत. त्याला फक्त कोन कळतो. डोळ्यापासून जवळची लहान वस्तू आणि लांबची मोठी वस्तू फोटोत सारखीच जागा अडवतात. म्हणून फोटोतल्या पिक्सेलचे सेंटिमीटर करायचे तर चित्रात लांबी माहीत असलेली एखादी वस्तू लागते, आणि ती माशाच्याच पातळीत लागते. वर नाही, खाली नाही, त्याच पातळीत. लग्नातल्या फोटोवरून कुठला शिंपी ब्लाउज शिवून देतो का? तुम्ही मात्र क्रेटच्या कडेवर स्केल ठेवून खाली बर्फावरच्या पापलेटाची लांबी काढलीत आणि ती तक्त्यात लिहून मोकळे झालात.

हिशेब करून दाखवते. दहावीच्या समरूप त्रिकोणांपलीकडचं यात काही नाही. समजा मासा कॅमेऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि क्रेटची कड त्याच्यापेक्षा फक्त २ सेंटिमीटर वर. म्हणजे स्केल ३८ वर. जवळची स्केल फोटोत मोठी दिसणार, तिच्या तुलनेत मासा लहान. ४० भागिले ३८. पाच टक्क्यांचा घोटाळा, तोही अवघ्या दोन सेंटिमीटरनं. १४० मिलिमीटरचं पापलेट तुमच्या तक्त्यात १३३ होऊन बसतं. आता उलटं करा. स्केल तळाशी, आणि मासा दुसऱ्या माशावर टेकलेला, म्हणून स्केलपेक्षा २ सेंटिमीटर वर. १२९ चं पापलेट जवळजवळ १३६ भरतं.

ऐकायला किरकोळ वाटतं ना, पाच टक्के? मग पुढचं ऐका. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवली. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. पापलेटाची ही किमान लांबी आहे १३५ मिलिमीटर. आता वरचे आकडे पुन्हा बघा. नियमात बसणारं १४० चं पापलेट तुमच्या फोटोनं गुन्हेगार ठरवलं आणि १२९ चं पिल्लू निर्दोष सोडलं. तुमच्यातले निम्मे स्पर्धा परीक्षा देऊन सहायक मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी होणार आहेत. सातपाटीच्या किंवा मिरकरवाड्याच्या जेटीवर उभे राहून नाखव्याच्या क्रेटकडे बोट दाखवणार आहेत. त्या माणसानं डिझेल भरलंय, बर्फ घेतलाय, खलाशांचे पगार द्यायचेत. तो विचारेल, ‘साहेब, मोजलं कसं?’ त्याला काय सांगाल? आपोआप घेतं?

तो तुम्हाला जेटीवरून खाली ढकलणार नाही, कारण कोळी माणूस तुमच्यापेक्षा सभ्य असतो. पण त्या दिवसापासून कायद्यावरचा त्याचा विश्वास उडेल, आणि तो उडाला की पिल्लं वाचवायचं सगळं काम बसलं. केरळनं २०१५ मध्ये देशात पहिल्यांदा असा नियम आणला, तारलीला १० सेंटिमीटर आणि बांगड्याला १४. त्या आकड्यांमागे बंदराबंदरांवर फळीवर मोजलेले मासे आहेत. नुसती लांबी मोजून हे आकडे हाती आलेले नाहीत. पोट चिरून, अंडाशय कुठल्या अवस्थेत आहे ते डोळ्यांनी बघून, कोणत्या लांबीला निम्म्या माद्या पक्व होतात ते शोधून आलेत. तुमच्या फोटोतल्या बांगड्याचं पोट कोण चिरणार? नर की मादी? तक्त्यात तो रकानाच नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे. ॲपमध्ये ते बटण नाही.

एकजण आता हात वर करतोय. मॅडम, माझ्या फोनमध्ये लायडार आहे. हो, आहे. ॲपलनं २०२० मध्ये आयपॅड प्रो आणि आयफोन १२ प्रो मध्ये तो बसवला. प्रकाश पाठवायचा, तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर काढायचं. भिंत, दार, कपाट यांची मापं घ्यायला उत्तम. नवीन सोफा खोलीत मावेल की नाही हे तो छान सांगतो. पण पापलेट म्हणजे ओला आरसा आहे. चकचकीत चंदेरी अंगावरून प्रकाश भलतीकडेच जातो, आणि १३ सेंटिमीटरच्या माशावर त्या सेन्सरचे मोजके ठिपके पडतात. शेपटीच्या पातळ कडेवर किती पडणार? तुझ्या वडिलांनी हौसेनं महागाचा फोन घेऊन दिला म्हणून मासा तुझ्यासाठी थांबून वाळणार नाही.

दुसरी म्हणते, आम्ही ॲपवर विसंबलो नाही, फोटो कॉम्प्युटरवर इमेजजेमध्ये मोजले. बाई, इमेजजे हे फार गुणी सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी ते १९९७ च्या सुमारास तयार केलं आणि जगाला फुकट दिलं. पेशीपासून पानापर्यंत सगळं लोक त्यावर मोजतात. पण त्यात पहिलं पाऊल कोणतं? ‘सेट स्केल’. चित्रातली एवढी रेघ म्हणजे इतके सेंटिमीटर, हे तुम्ही त्याला सांगायचं. तुम्ही खोटं सांगितलंत की ते खोटं प्रत्येक माशाच्या ओळीत इमानेइतबारे उतरतं, दोन दशांश स्थळांसकट. सॉफ्टवेअर आज्ञाधारक आहे. तुमच्याइतकं हूडपण त्याच्यात नाही.

या दशांशांविषयीही एकदाच सांगून टाकते. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत अर्धा मीटर जागा आली, तर एक पिक्सेल म्हणजे साडेबारा शतांश मिलिमीटर, आकड्यांत ०.१२५ मिलिमीटर. रेघ कुठे ओढायची ते तुम्हाला इतकं बारीक दिसतं, म्हणून तुम्ही भाळलात. पण रेघ बारीक ओढता येते म्हणजे ती खऱ्या जागी ओढली, असं होत नाही. पाच टक्के चुकलेला आकडा तुम्ही शतांशापर्यंत लिहिलात. याला काटेकोरपणा म्हणत नाहीत, मिरवणं म्हणतात.

मासा कलंडलेला असेल तर? त्याची गणना तुम्ही केलीत का? कॅमेऱ्याच्या समोरच्या पातळीपासून मासा २० अंशांनी झुकला की त्याची लांबी सुमारे सहा टक्क्यांनी आखूड दिसते. आणि बोंबील? डोल जाळ्यातून आलेला ताजा बोंबील तुम्ही हातात घेतलाय ना? तो मणका विसरून आल्यासारखा लोळतो. क्रेटमध्ये त्याचा आकार इंग्रजी एसचा. तुमच्या ॲपनं तोंडापासून शेपटीपर्यंत सरळ रेघ मारली आणि लिहून दिलं. त्याची किमान लांबी १८० मिलिमीटर आहे. वाकडा निजला म्हणून तो पिल्लू ठरला. फळीवर घेतला असता, दोन बोटांनी हळूच सरळ केला असता, तर दहा सेकंदांत प्रश्न मिटला असता. ती दोन बोटं फोनमध्ये नसतात.

आता ‘लांबी’ या तुमच्या लाडक्या रकान्याकडे येऊ. बांगड्याच्या शेपटीला खोल खाच असते. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या लांबात लांब टोकापर्यंत टोटल लेंथ, खाचेच्या तळापर्यंत फोर्क लेंथ, आणि शेपटीचे काटे जिथून फुटतात तिथपर्यंत स्टँडर्ड लेंथ. वीस सेंटिमीटरच्या बांगड्यात पहिल्या दोन मापांतच दीड-दोन सेंटिमीटरचं अंतर पडतं. तुमच्या चौघांपैकी कुणी टोकापर्यंत रेघ ओढली, कुणी खाचेपर्यंत, हे फोटो उघडून मी बघितलंय. एकाच तक्त्यात दोन्ही. फ्लोरिडात हौशी गळवाल्यांसाठीसुद्धा नियम असा की काही माशांची लांबी खाचेपर्यंत मोजायची, आणि काहींची तोंड मिटून, शेपूट चिमटीत आवळून. शेपूट आवळायची की मोकळी ठेवायची हेसुद्धा कायद्यात लिहावं लागतं, कारण त्यानं आकडा बदलतो. शनिवार-रविवारी मजेखातर गळ टाकणारा माणूस जे पाळतो ते पदव्युत्तर विद्यार्थ्याला पाळवत नाही?

आणि हे झालं बांगड्याचं. वाकटीची शेपूट दोऱ्यासारखी निमुळती, जाळ्यात निम्म्या वेळा तुटलेली. म्हणून तिची लांबी तोंडापासून गुदद्वारापर्यंत घेतात. पाकटाची शेपूट सोडून द्यायची, अंगाच्या चकतीची रुंदी घ्यायची. माकुलाचे हात ओढाल तितके लांब होतात, म्हणून पाठीवरून आवरणाची लांबी. चिंबोरीच्या कवचाची रुंदी. कोळंबीच्या डोक्यावरचं आरीसारखं टोक मोडलेलं असलं तर डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत. तुमच्या ॲपला एकच रेघ येते. पान नऊवर तुम्ही माकुलाची ‘लांबी’ लिहिलीय. मी फोटो पाहिला. ती हातांसकट आहे. मला हसू आलं नाही.

हे सगळं मी मिलिमीटरच्या प्रेमापोटी उगाळत नाहीये. लांबीवर पुढे काय काय उभं राहतं ते तुम्हाला शिकवलंय, पण पालथ्या घड्यावर पाणी पडलं असावं. माशाचं वजन लांबीच्या घनाच्या आसपास वाढतं. लांबी पाच टक्के चुकली की वजन सोळा टक्के चुकतं. लांबी दहा टक्के चुकली की वजन तेहतीस. म्हणजे खऱ्या तीन क्रेटमागे एक क्रेट तुमच्या कल्पनेतला.

त्याहून वाईट पुढे आहे. आपल्या उष्ण समुद्रातल्या माशांच्या कानातल्या खड्यांवर थंड प्रदेशांतल्यासारखी वर्षाची वलयं सहजी वाचता येत नाहीत. म्हणून वय काढायला आपण लांबीचाच आधार घेतो. दर महिन्याला ढीगभर मासे मोजायचे, कोणत्या लांबीचे किती ते मांडायचं, आणि त्या उंचवट्याचं शिखर महिन्यागणिक उजवीकडे सरकतं त्यावरून वाढीचा वेग काढायचा. डॅनिएल पॉली आणि एन. डेव्हिड यांनी १९८१ मध्ये याच कामासाठी एलिफॅन ही संगणकी पद्धत मांडली, आणि तिच्या जोरावर आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी मत्स्यसाठ्यांचे अंदाज बांधले गेले. अख्खी इमारत त्या सरकत्या शिखरावर उभी आहे. आता तुमची करामत बघा. ऑक्टोबरात फोन धरला उंच मुलानं, ४० सेंटिमीटरवर. नोव्हेंबरात बुटक्या मुलीनं, २५ वर. मासा दोन्ही वेळा स्केलच्या २ सेंटिमीटर वर. १७ सेंटिमीटरचा बांगडा पहिल्या महिन्यात १७.९ आणि दुसऱ्या महिन्यात १८.५ भरतो. वा! महिन्यात सहा मिलिमीटर वाढ! आलेख काढलात, त्याला रंग दिलात, निष्कर्ष लिहिलात. बांगडा वाढला नाही बाळांनो, फोन धरणारा हात खाली आला.

आणि कोणते मासे मोजलेत? फोटो बघितले. सगळे कसे राजबिंडे. सरळ निजलेले, कल्ले लालभडक, एकालाही ओरखडा नाही. क्रेटचा वरचा थर आहे तो. विकणारी माणसं वरच्या थरात चांगला माल मांडतात, हे तुमच्या आईला कळतं आणि तुम्हाला कळत नाही? खालचे चेपलेले, फाटके, बारके मासे कुणी काढले नाहीत, कारण ते फोटोत नीट दिसत नाहीत आणि हाताला वास लागतो. ज्या पिल्लांसाठी हा सारा खटाटोप, ती क्रेटच्या तळाशीच राहिली. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की असंच होतं.

आता म्हणाल, मॅडमना फोटोच नको आहेत. चूक. फोटोवरून मासा मोजून जगाचे डोळे उघडलेल्या बाईची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्ही किती स्वस्तात सुटायला बघताय ते कळेल.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचं बेट आहे. तिथून हौशी लोकांना दिवसभराच्या मासेमारीला नेणाऱ्या होड्या सुटतात. संध्याकाळी धक्क्यावर परतल्यावर पकडलेले मासे लाकडी फलकाला टांगायचे आणि शेजारी उभं राहून फोटो काढायचा, ही तिथली जुनी रीत. लॉरेन मॅकक्लेनाहन या संशोधिकेनं १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो जमवले. जुने फोटो तिथल्या ग्रंथालयाच्या संग्रहात पडून होते. नवे तिनं स्वतः धक्क्यावर जाऊन काढले. तिच्याकडे ॲप नव्हतं. पण मासे टांगायचा फलक होता, आणि मासा त्या फलकालाच चिकटून लटकत होता. म्हणजे मापाची वस्तू आणि मासा एकाच पातळीत. फलकाच्या मापावरून लांबी, लांबीवरून वजन. २००९ मध्ये तिचा लेख आला. पकडलेल्या माशांचं सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर घसरलं होतं. पहिल्या फोटोंत माणसापेक्षा मोठे ग्रुपर आणि शार्क, शेवटच्या फोटोंत वीतभर-हातभर मासे. सगळ्या फोटोंतली माणसं मात्र सारखीच खूश. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण प्रत्येक पिढीनं आपल्या वेळचा मासा हाच मोठा मानला.

बघा, त्या बाईनं फोटोंना प्रश्न विचारला. फलक कुठे आहे, मासा कुठे आहे, पंचक्रोशीत अशी कुठली वस्तू आहे जिचं माप मला खात्रीनं माहीत आहे? तुम्ही फोटोला एक प्रश्न विचारला नाहीत. बटण दाबलंत.

देवमाशाएवढा बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, तो तर फळीवर घेता येत नाही. मोझांबिकच्या किनाऱ्यावर संशोधकांनी काय केलं? कॅमेऱ्याला दोन लेसर बसवले, एकमेकांना समांतर, बरोबर ५० सेंटिमीटर अंतरावर. माशाच्या अंगावर दोन हिरवे ठिपके पडतात. मासा दहा फुटांवर असो की वीस, ठिपक्यांमधलं अंतर तेच. पट्टी थेट कातडीवरच टेकवली की हो त्यांनी! तरीही मासा कॅमेऱ्याला काटकोनात पोहत असतानाचाच फोटो ते ग्राह्य धरतात, बाकीचे फेकून देतात. मँटा पाकटासाठीही हीच युक्ती वापरली गेली. ऑस्ट्रेलियात हार्वी आणि शॉर्टिस यांनी गेल्या शतकाच्या शेवटी जोडकॅमेऱ्यांची पद्धत बसवली: दोन कॅमेरे, दोन डोळ्यांसारखे, त्यामुळे अंतर काढता येतं. पण पाण्यात सोडण्याआधी त्या जोडीला माहीत मापाचा ठोकळा दाखवून तपासून घ्यावं लागतं, आणि कॅमेरा जरा हलला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. नॉर्वेतल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांत आज याच जातीचे कॅमेरे लाखोंच्या मालाचं वजन सांगतात. यांतल्या प्रत्येकानं मेहनत फोटो काढण्याआधी केली. तुम्ही फोटो काढल्यावरही केली नाहीत.

आणि तुमच्यातले एक चिरंजीव, ज्यांचे इन्स्टाग्रामवर बरेच चाहते आहेत. तुमची सुरमईची रील आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर फिरली. हात ताठ पुढे, सुरमई कॅमेऱ्याच्या नाकावर, आणि मागे कुठेतरी तुमचं तोंड. कॅमेरा तुमच्यापासून दोन मीटरवर आणि हात ६० सेंटिमीटर पुढे काढला, तर मासा तुमच्या देहाच्या मानानं ४३ टक्के मोठा दिसतो. ही युक्ती जगभरचे गळवाले जाणतात, म्हणून त्यांच्या संस्थांनी तिच्यावर तोडही काढली. आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेनं २०११ मध्ये लांबीचे विक्रम नोंदवायला सुरुवात केली. मासा जिवंत सोडायचा, पण त्याआधी संघटनेनं ठरवून दिलेल्या मापपट्टीवर आडवा घालून फोटो काढायचा. पट्टी दुसरी असेल तर विक्रम बाद. हातात धरलेल्या माशाचा फोटो त्यांच्या लेखी नुसती करमणूक आहे. काटा तरी कुठे निर्दोष असतो म्हणा. २०२२ मध्ये ईरी सरोवराच्या एका स्पर्धेत जिंकू पाहणाऱ्या दोघांच्या वॉलाय माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले होते. पण त्या दोघांनी फसवायचं ठरवून फसवलं. तुम्ही न ठरवता तेच साधलंत, आणि वर प्रमाणपत्रावर सही केलीत की विदा ‘प्रत्यक्ष मोजणीतून’ गोळा केली आहे.

त्या सहीचा मला सगळ्यात जास्त राग आला. अहवालात तुम्ही लिहू शकला असता: फोटोवरून मोजले, उंची इतकी, स्केल अमुक ठिकाणी, फळीशी ताडून पाहिलं तेव्हा चूक इतकी आली. मी तुम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले असते, चूक दहा टक्के आली असती तरीही. चूक मोजून दाखवणारा विद्यार्थी मला पंधरा दशांश लिहिणाऱ्यापेक्षा प्रिय आहे. पण तुम्ही पद्धतीच्या प्रकरणात लिहिलंत, ‘प्रमाणित मेजरिंग बोर्डवर नोंदी घेतल्या.’ बोर्ड स्टोअरच्या रजिस्टरात जूनपासून कुणाच्या नावावर गेलेला नाही. मी पाहून आलेय.

तेव्हा अहवाल परत. आता काय करायचं ते लिहून घ्या, आणि हे मोबाइलवर टिपू नका, वहीत लिहा. शनिवारी पहाटे लिलावाच्या आधी बंदरावर. मासे विकत घ्यायचे, पैसे मी देते. मावशींच्या धंद्याच्या वेळी फुकटचा मासा हातात धरून खोळंबा करायचा नाही. क्रेट पूर्ण उलटं करायचं, तळापासून घ्यायचं, निवडायचं नाही. प्रत्येक मासा आधी फळीवर: तोंड टेकणीला, तोंड मिटलेलं, शेपूट नैसर्गिक. टोटल आणि फोर्क दोन्ही. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजायचं. मग तोच मासा फोटोत: कॅमेरा स्टँडवर, उंची लिहून, स्केल माशाच्या मध्यरेषेच्या पातळीत उचलून ठेवलेली. त्यानंतर मुद्दाम चुकीचा फोटो, स्केल तळाशी. तीन आकडे शेजारीशेजारी. फरक सरासरीच्या समोर मांडायचा. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये डॉक्टरांच्या उपकरणांसाठी ही रीत रूढ केली, माशांनाही ती चालते. मग पोट चिरा, लिंग आणि पक्वता लिहा. शाई ओल्या कागदावर फुटते, म्हणून पेन्सिल. आणि प्रमाणपत्राचं पान यावेळी सगळ्यात शेवटी टाइप करा.

बोर्ड दोनच आहेत, आज सही करून घेऊन जा. स्टोअर चार वाजता बंद होतं आणि स्टोअरकीपर तुमच्यासाठी थांबणार नाहीत.